सही केलेले अभिप्राय

ती केस आजही आठवते, आणि आठवली की मी विषय बदलते. आज बदलणार नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात मी ह्यूस्टनजवळच्या एका विद्यापीठाच्या पोलीस दलात तपास अधिकारी होते. इथल्या मोठ्या विद्यापीठांना स्वतःचे पोलीस असतात. सायकलचोरीपासून मारामारीपर्यंत सगळं त्यांच्याकडे येतं. पुण्यात इंग्रजी शाळेत आठवीपर्यंत शिकून मी आईवडिलांबरोबर टेक्सासला आले होते. मराठी घरात टिकली. खात्यात तिचा उपयोग होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

एका सकाळी रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक काउंटरवर आले. हातात छापून आणलेली पानं. म्हणाले, "मी एका शोधपत्रिकेचा मुख्य संपादक आहे. मला हे काल कळलं."

शोधपत्रिका इंटरनेटवर होती, कुणालाही फुकट वाचता येणारी. खर्च लेखकाने द्यायचा. त्यात गैर काही नाही. अनेक प्रामाणिक पत्रिका तशाच चालतात. पण निबंध छापण्याआधी तज्ज्ञांनी तो तपासायचा असतो. इथे पैसे भरले की आठवड्यात निबंध छापून येत होता, आणि वर या प्राध्यापकांचं नाव झळकत होतं. भारतातल्या एका लेखकाने त्यांनाच आभाराचं पत्र पाठवलं, म्हणून हे उघडकीला आलं. मी त्या लेखकाला विचारलं. तपासनिसांचा अभिप्राय म्हणून त्याला 'स्वीकारला' एवढा एकच शब्द मिळाला होता.

पत्रिकेचा पत्ता म्हणजे ह्यूस्टनलगतच्या शुगर लँड गावातल्या एका दुकानातली भाड्याची टपालपेटी. दुकानदाराने फॉर्म दाखवला. पेटी एका मराठी बाईंच्या नावावर होती. घरचा पत्ता खरा, ओळखपत्रं खरी. फसवणूक करणारा माणूस खरा पत्ता लिहीत नाही, हे खात्यातला नवा शिपाईसुद्धा सांगेल. मी तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

आमचे सार्जंट म्हणाले, "तुझ्या भाषेतली आहे ना? तू जा. एकटी जा. युनिफॉर्म नको."

दार चाळिशीच्या आतबाहेरच्या बाईंनी उघडलं. मी बॅज दाखवला आणि मराठीत म्हटलं, "काकू, थोडं बोलायचं होतं."

घाबरलेला चेहरा एकदम सैल पडला. "अगं बाई, मराठी पोलीस! आणि काकू काय? ताई म्हण. कुठली तू?"

"पुण्याची."

"मग चहा घेणार का असं विचारू, की घेऊन आली असशील असं म्हणू? ये, बस. आम्ही नागपूरचे. आधी खायला घालतो, मग भांडतो."

वरून मुलीचा आवाज आला, "मॉम, हू इज इट?"

"माझी मैत्रीण आहे, अभ्यास कर!"

त्या शब्दाला मी हरकत घेतली नाही.

बाई नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या, पीएच.डी. होत्या. नवऱ्याच्या नोकरीमागे आल्या, आणि त्यांच्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. पाच वर्षं घरात. मग एका गणपतीच्या जेवणात दूर जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटाहून आलेले एक गृहस्थ भेटले. पत्रिका त्यांची. "मॅडम, तुमच्यासारखी माणसं हवीत," म्हणाले. बाईंना निबंध तपासायला येऊ लागले, आणि महिन्याला छोटासा चेक. पत्रिकेची टपालपेटीही त्यांच्याच सांगण्यावरून बाईंनी आपल्या नावावर घेतली होती.

मग त्यांनी स्वतःच विचारलं, "यामुळे व्हिसाचं काही होणार नाही ना गं? आमचं ग्रीन कार्ड अडकलंय. मुलीची शाळा आहे."

असं आश्वासन द्यायचा मला अधिकार नव्हता. मी म्हटलं, "नाही हो ताई. तुम्ही फक्त साक्षीदार आहात."

तरी त्या अडखळत होत्या. त्या माणसाने त्यांना मान दिला होता, त्याच्याविरुद्ध बोलणं जिवावर येत होतं. चौकशीत एक गोष्ट मी शिकले होते: माणूस भीतीने जितका बोलतो त्याहून जास्त अपमानाने बोलतो. मी कप खाली ठेवला.

"ताई, तुमचा एकही अभिप्राय लेखकांपर्यंत गेलेला नाही."

मला एकाच लेखकाचं माहीत होतं.

बाई म्हणाल्या, "बहुतेकांना मी 'नाकारावा' लिहिलं होतं. तरी छापलेले दिसायचे. मी फोन केला तर म्हणाले, ताई, आपण सगळ्यांना संधी देतो. मला वाटलं, निदान चूक कुठे आहे ते तरी त्या पोरांना कळत असेल."

त्या उठल्या आणि कपाटातून एक खोका आणला. प्रत्येक अभिप्रायाची प्रत होती. दोन-दोन, तीन-तीन पानं. हे आकडे कुठून आले, हा प्रयोग असा पुन्हा करा. प्रत्येकाखाली तारीख, पूर्ण नाव, पदवी आणि सही.

"तपासणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात ना?" मी विचारलं.

"ठेवतात. पण कुणाचं काम नाकारायचं तर खाली आपलं नाव नको?"

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: कागद स्वेच्छेने दिले. सार्जंटनी पाठ थोपटली.

त्या गृहस्थाने वकील केला. वकिलाने आमच्याच खोक्यातले कागद पुढे केले: तपासणीचं सगळं काम शुगर लँडच्या बाई करत होत्या, या त्यांच्या सह्या. सरकारी वकिलांना त्याच्यावर केस उभी करण्याएवढं काही सापडलं नाही. वेबसाइट बंद झाली, प्राध्यापकांचं नाव निघालं, फाइल मिटली. पण परवानगीशिवाय काम केल्याचा तारखांसकट पुरावा कागदावर राहिला होता, बाईंच्या स्वतःच्या अक्षरात. नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाने सल्ला दिला की प्रश्न विचारले जायच्या आत बाईंनी भारतात परत जावं. मुलगी शाळेसाठी वडिलांजवळ राहिली.

जाण्याआधी त्यांनी माझ्या ऑफिसच्या फोनवर निरोप ठेवला. सार्जंट शेजारी उभे होते, मी स्पीकरवर लावला. "अगं, रागावले नाहीये मी. तो खोका परत मिळेल का? लेखकांचे पत्ते आहेत माझ्याकडे. नागपूरहून एकेकाला पाठवीन."

"काय म्हणतेय?" सार्जंटनी विचारलं.

"काही नाही. आभार मानतेय."

मी फोन केला नाही. खोका पुराव्यात जमा होता, हे खरं होतं. पण अर्ज केला असता तर निदान प्रती मिळाल्या असत्या. अर्जावर कारण लिहावं लागलं असतं, आणि खाली माझं नाव.

खात्यात आणखी काही वर्षं काढली. समोरचा माणूस माझ्या भाषेतला निघाला की मी दुसऱ्या अधिकाऱ्याला पाठवत असे. लोक म्हणायचे, ही नियमाची पक्की आहे. मी त्यांना तसं म्हणू दिलं.