बाबांचं समुद्रापुरतं स्पॅनिश

वारज्याच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मुंबई विमानतळाची टॅक्सी उभी होती आणि शेजारचे काका मला धीर देत होते. "मेक्सिको काय नि मॉरिशस काय, पाण्यात पडलं की पोहता येतं." बाबा डिकीत माझी बॅग बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "असं म्हणणारे नेहमी काठावर असतात." बाबा दर उन्हाळ्यात सोसायटीतल्या मुलांना पाठीला डबा बांधून पोहायला शिकवत, त्यामुळे हे म्हणायचा त्यांना अधिकार होता. आई आधी हसली, मग रडली, आणि टॅक्सी निघाली.

त्या काळात पुण्यात आयटीत शिरलेला जो तो एखादी परकी भाषा शिकत होता. जर्मनच्या वर्गात जागा नव्हती म्हणून मी स्पॅनिश घेतलं, आणि कंपनीला मेक्सिकोचं काम मिळालं तेव्हा तेवढंच निमित्त पुरलं. प्रोजेक्ट संपला, मी राहिले. आता समुद्रकाठच्या एका गावात हॉटेलांचं बुकिंग सॉफ्टवेअर सांभाळते आणि दुपारी तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, खाते. भाकरीची आठवण येते असं म्हणायचीही सोय नाही, कारण पुण्यात मी पोळीच खात होते.

बाबा निवृत्त झाले आणि दोघांनी इकडे यायचं ठरवलं. बाबांची इच्छा एकच होती: तोंडात नळी धरायची, चष्मा लावायचा आणि पाण्यावर तरंगत समुद्राचा तळ बघायचा, म्हणजे स्नॉर्केलिंग करायचं. "जन्मभर हिरव्या पाण्यात पोहलो," म्हणाले. "तळ दिसतो असं पाणी एकदा बघू दे." दर रविवारी फोनवर त्यांची शिकवणी सुरू झाली. मी हौसेने तोर्तूगा म्हणजे कासव, कोराल म्हणजे पोवळं असं सांगायला लागले, तर बाबांनी थांबवलं. "कासव दिसलं तर बोट दाखवता येतं. बुडताना काय ओरडायचं ते आधी सांग."

मग आयुदा म्हणजे मदत. कोरिएन्ते म्हणजे पाण्याचा प्रवाह. पायात घालायच्या रबरी पंखांना आलेतास. मध्ये काही रविवार फोन आईनेच घेतला. बाबा फिरायला गेलेत, म्हणाली. मला बरंच वाटलं. पुन्हा फोनवर आले तेव्हा त्यांनी शरीराचे शब्द विचारले, कान, छाती, हृदय, आणि शिवाय ऑपरेशन झालंय हे कसं म्हणायचं तेही. मला वाटलं, शिकवणारा माणूस, धडा पुरा केल्याशिवाय सोडायचा नाही.

मग ती दोघं आली. पहिल्याच आठवड्यात आम्ही बोटीने निघालो. बोटवाला बेतो पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला विचारतो, दमा आहे का, हृदयाचं काही दुखणं आहे का. लोक मान हलवून नाही म्हणतात आणि उतरतात. मी बाबांसाठी मराठीत सांगायला लागले, तर त्यांनी हात करून मला थांबवलं आणि सावकाश, स्वच्छ उच्चारात म्हणाले, "मे ओपेरारोन देल कोरासोन."

माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं आहे.

बेतोने त्यांच्या स्पॅनिशचं तोंड भरून कौतुक केलं आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाण्यात सोडता येणार नाही म्हणून सांगितलं. मी आईकडे पाहिलं. ती समुद्राकडे पाहत होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून तू तिथून काय करणार होतीस? नोकरी टाकून धावत आली असतीस."

"मग याला कशाला सांगितलंत? नाही म्हणाला असतात तर उतरू दिलं असतं त्याने."

"पाण्याशी खोटं बोलायचं नसतं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं होतं, चालेल म्हणेल."

ते बोटीतच बसले. मला म्हणाले, "तू जा. काय दिसतं ते वर येऊन सांग." मी उतरले. मोठं कासव दिसलं, अगदी संथ चाललेलं. मला त्याचा राग आला. वर येऊन मी काय सांगितलं ते आठवत नाही. बाबा मात्र मन लावून ऐकत होते.

डॉक्टरांची परवानगी मिळाली नाही, आणि पुढे तर त्यांनी बाबांचा लांबचा प्रवासच बंद केला. तळ बघायचा राहिला तो राहिलाच.

पुण्यात बाबांचं ते ऑपरेशन चालू असताना खोलीबाहेर आई एकटी बसली होती आणि मला फोन करायचा नाही असं दोघांनी आधीच ठरवलं होतं. माझं घर खरं सुटलं ते त्या दिवशी, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. चांगल्या बातम्या काय, कुणालाही सांगतात. जिथलं वाईट आपल्याला आधी कळतं, ते आपलं घर. माझ्या घरचं वाईट बेतोला नि मला एकाच क्षणी कळलं.

माझ्यासारखे जे लांब गेलेत, त्यांनी रविवारच्या फोनवर ऐकलेल्या "सगळं छान" वर फार विसंबू नये. आणि मागे राहिलेल्यांना एवढंच सांगणं आहे, की दुखलंखुपलं तर कळवा. आम्ही वेळेवर पोचणार नाही, हे आम्हालाही माहीत आहे. तरी कळवा.