परवाची तारीख

धुळ्यात आरटीओसमोरच्या लिंबाखाली एक नाना बसायचे आणि गाड्यांच्या विम्याचे फॉर्म भरून द्यायचे. बोलणं अहिराणी, आवाज इतका हळू, की ऐकायला वाकावंच लागे. बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत.

नवं लायसन खिशात घालून मी महिनाभर त्यांच्याकडे चकरा मारल्या.

"अजून स्वस्तात काही नाही का, नाना?"

"शे ना. गाडी घर ठेव."

जुनी फियाट मी बिनविम्याचीच चालवत राहिलो. एका सकाळी नरडाण्याच्या रस्त्यावर एका सायकलवाल्याला माझी धडक बसली. लोकांनी त्याला सिव्हिलमध्ये नेलं. मी पळून आलो.

दुसऱ्या दिवशी मी नानांसमोर उभा राहिलो. "नाना, काल एका सायकलवाल्याला उडवलं. विम्यावर परवाची तारीख टाका. पाया पडतो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "जित्ता शे का तो?"

मला माहीत नव्हतं.

ते उठले, पिशवी काखेत मारून माझ्या शेजारी गाडीत बसले. "चाल, दखू."

आम्ही सिव्हिलला पोचलो. वॉर्डाच्या दारात पाय उचलेनात, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून मला आत नेलं.

तो खाटेवर बसला होता, पाय प्लास्टरमध्ये. बायको त्याला भाकरी कुस्करून देत होती.

"भाऊ, तुले धडक देणारा हाऊच पोऱ्या शे," नाना म्हणाले.

बायकोचा हात थांबला. नानांनी माझं मनगट सोडलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. पुढचं मलाच बोलायचं होतं.