शिफाला भाव करता येत नाही

माझी भाची शिफा हिला कुणी "छान खेळलीस" म्हटलं, की ती थँक्यू म्हणायच्या आधी आपण खाल्लेले गोल सांगायला लागते. समोरच्याने विचारलेलं नसतं. एकदा संघ जिंकला होता, मुलांचे आईबाप टाळ्या वाजवत होते, आणि ही गोलकीपरचा मुखवटा काढून त्यांनाच समजावत होती, "दुसरा गोल खूप सॉफ्ट होता, आंटी. आय शुड हॅव हॅड दॅट." मी मागे उभा राहून कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक खुर्ची उचलून निघालेलं असताना त्याला हाक मारून मोडकं चाक दाखवणारा दुकानदार मी आजवर पाहिलेला नाही.

माझा इथे आखातात, मुसफ्फ्यात, जुन्या ऑफिस फर्निचरचा धंदा आहे. रत्नागिरीहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात खुर्च्या पुसत होतो. आज दुकान माझं आहे, ते या तोंडाच्या जोरावर. शिफाचा बाप समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, महिना महिना घरी नाही; म्हणून तिला आइस हॉकीला नेणं-आणणं माझ्याकडे आलं. बाहेर स्टिअरिंग हाताला चटके देतंय, आणि आत ही पोरगी पायांना उशांएवढी पॅडं बांधून बर्फावर उभी. ती गोलकीपर. रबराची एक जाड चकती असते, पक म्हणतात, ती सुसाट येते आणि शिफाने मध्ये पडायचं. घरी आल्यावर पॅडं बाल्कनीत वाळत. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी एकदा माझ्या बहिणीला विचारलं, "रझियाताई, गावाहून सुके बोंबील आणलेत का हो?"

प्रत्येक गोलानंतर तिचं वाक्य ठरलेलं. "तो माझा होता, मामू."

"अगं, तुझ्यापुढे पाच जण उभे होते! त्यांचा एकही नव्हता?"

"त्यांनी त्यांचं बघावं. तो माझा होता."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

अकरावीत तिने ठरवलं, कॅनडातल्या मुलींच्या ज्युनिअर संघात जायचं. तिथे खेळलं की कॉलेजचे संघ नजर ठेवतात. इथे शाळा संपली की तिच्यासारखीला खेळायला पुढे संघच नाही, म्हणजे या वर्षी गेली तर गेली, नाहीतर पॅडं माळ्यावर. मी कामाला लागलो. तिच्या सामन्यांमधून तिने अडवलेले सगळे फटके वेचून झकास व्हिडिओ करवून घेतला. तो तिने पाठवला. पण शेवटी खाल्लेले पाच गोल स्वतः जोडून! मी दुकानात एवढा ओरडलो की बाहेरचा ट्रकवाला आत डोकावला.

"ते विचारतीलच ना, मामू."

"विचारू दे की! विचारेपर्यंत गप्प बसायला काय होतं?"

तरी एका संघाच्या कोचचा फोन ठरला. वयस्कर माणूस, पूर्वी आखातात बरीच वर्षं काढलेला. मी शिफाच्या शेजारी कोट घालून बसलो. सगळं जुळत आलं. राहायला घर, शाळा, हलाल जेवण. मग तो म्हणाला, "म्हणजे ऑगस्टमध्ये येते ना ती?"

शिफाने तोंड उघडलं. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. मला अजून एक गोष्ट हवी होती: पहिली गोलकीपर म्हणून जागा पक्की. समोरचा घाईत असला की आपण सैल बसायचं, हा माझा धंद्यातला नियम. मी हसलो आणि म्हणालो, "इन्शाल्ला."

म्हणजे अल्लाची मर्जी असली तर; पण माझ्या दुकानात या शब्दाचा अर्थ आहे, अजून थोडं खाली या. तो मात्र हा शब्द इथल्या ठेकेदारांकडून शिकला होता. उद्या काम होईल का, इन्शाल्ला. आणि काम कधीच होत नाही. तोही हसला, "आय अंडरस्टँड, हबीबी," म्हणाला. दोन दिवसांनी त्याची ईमेल आली. आपल्या सौम्य नकाराबद्दल आभार. जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे.

मी फोन केले, चिठ्ठ्या लिहिल्या. खलास. रझिया एवढंच म्हणाली, "भाई, अल्लाचं नाव घेऊन भाव करतोस?" ते मला लागलं. पण त्याहून जास्त शिफा लागली. मी म्हटलं, ही आता आदळआपट करील, मग मीही चार शब्द बोलेन, दोघं मोकळे होऊ. तर ही शांतपणे म्हणते, "तो माझा होता, मामू. मी तिथेच बसले होते. आय कुड हॅव जस्ट सेड येस."

माझी चूकसुद्धा माझ्याकडे राहू देत नाही!

पुढचे दोन महिने ती शाळेतून आल्यावर एकटीच ईमेल लिहीत बसायची. एके दिवशी जेवताना म्हणाली, एका लहान गावातल्या संघाने घेतलं आहे, दुसरी गोलकीपर म्हणून. कॉल आदल्याच दिवशी झाला होता. मी वरच्याच मजल्यावर राहतो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

"आणि तू लगेच हो म्हणालीस?"

"त्यांनी विचारलं, मी येस म्हटलं."

"खेळायला मिळेलच असं लिहून घेतलंस?"

"नाही."

मी अर्ध्या जेवणावरून उठलो.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवायला सांगायच्या आतच ही म्हणाली, "इट्स ओव्हरवेट." मी दातओठ खाल्ले. दोघं मिळून बॅग उघडून सामान कमी करत होतो, तेव्हा मला राहवलं नाही. "एक चूक झाली म्हणून मला कॉलला बसवलं नाहीस ना?"

"म्हणून नाही, मामू." ती हातातला स्वेटर घेऊन तशीच उकिडवी बसून राहिली. मग नेहमीचं इंग्रजी सोडून, शब्द शोधत म्हणाली, "तू मला माझ्यापेक्षा चांगली म्हणून विकलं असतंस. मग तिकडे मला रोज तेवढं चांगलं असावं लागलं असतं."

मी तिच्या हातातला स्वेटर काढून घेऊन काखेत मारला. बोलण्यावर दुकान उभं केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. याचा राग अजून गेलेला नाही. तिकडे ती बहुतेक सामने बाकावर बसून बघते. मी असतो तर तिला पहिली जागा मिळवून दिली असती, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. फक्त शिफाला सांगत नाही.