मर्लचे दात

नोएलीन क्रॅडॉक केरांडाच्या कुरणावर आली ती एका कोरड्या हंगामापुरती. गुरं गोळा करणाऱ्या गड्यांचा स्वयंपाक करायचा, चार पैसे गाठीला बांधायचे आणि पावसाळ्याच्या आत किनाऱ्यावर, येपूनला, परत जायचं असा तिचा बेत होता. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आज सदुसष्टची आहे आणि बेत अजून तोच आहे.

मधल्या काळात काही घडलंच नाही असं नाही. कुरणाचा मालक कॉल क्रॅडॉक आधी तिने भाजलेल्या भोपळ्याच्या गोड पावांवर, स्कोनवर, भाळला, मग तिच्यावर. लग्न झालं, मुलगा डेल झाला, दुष्काळ आला, पूर आला, कॉल घोड्यावरून पडून कंबर धरून बसला. निघायचं म्हटलं की केरांडा पायात पाय घालणारच. चार वर्षांपूर्वी कॉल गेला तेव्हा आसपासची माणसं म्हणाली, बाई आता सुटली. सुटते कसली! डेल म्हणाला, "आई, एवढा हंगाम काढ." असं 'एवढा, एवढा' करत तिने आणखी तीन काढले.

येपूनला तिची धाकटी बहीण बेव्ह राहते. दर रविवारी तिचा फोन.

"शेजारचं घर रिकामं झालंय. मालकाला थोपवून धरलंय, पण ऑक्टोबरच्या पुढे तो थांबणार नाही."

"येतेच मी."

"तू 'येतेच' म्हणालीस की मी दुसरा भाडेकरू शोधायला लागते, नोएलीन."

नोएलीनला समुद्राचं फार कौतुक होतं असं नाही. सकाळी उठल्यावर कुणाचं आपल्यावाचून अडलेलं नाही, एवढंच सुख तिला मरण्यापूर्वी एकदा चाखायचं होतं. या वर्षी तिने कोंबड्या शेजारच्या कुरणावर देऊन टाकल्या. ते पाहून सुनेला, टेगनला, खरं वाटलं. "कोंबड्या गेल्या म्हणजे तू जाणार," ती म्हणाली आणि रडवेली झाली, कारण तिला पाचवा महिना होता आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. डेलनेही कबूल केलं, की गुरं एकदा आवारात आली की तो स्वतः तिला येपूनला सोडून येईल.

तर सगळं गुरं येण्यावर होतं.

केरांडावर नोएलीनचं खरं काम स्वयंपाकाचं राहिलंच नव्हतं. वर्षातून एकदा गायी लोखंडी आवारात आणायच्या, एकेक करून मान पकडणाऱ्या खोड्यात अडकवायची, खालचा ओठ ओढून दात बघायचे आणि ओरडून सांगायचं: राहू दे, किंवा ट्रक. ट्रक म्हणजे कत्तलखाना. कॉल असल्यापासून हे काम तिचं होतं. डेलने कारभार हातात घेतला आणि नवा नियम काढला, की दहा वर्षांवरची, म्हणजे दात झिजलेली, एकही गाय ठेवायची नाही. कुठल्याशा सल्लागाराने त्याच्या डोक्यात तरुण कळपाचं खूळ भरवलं होतं.

"अरे, म्हातारी गाय म्हणजे फुकटचं वासरू," नोएलीनने त्याला तेव्हाच सुनावलं होतं. "तिला वाढवायचा खर्च कधीच वसूल झालाय. तुझी कालवड पहिल्या वासराला पाजता पाजता हाडांचा सापळा होते आणि पुढच्या वर्षी भाकड राहते. म्हातारी दर वर्षी गाभण. पाणी कुठे राहतं, विषारी झुडूप कुठलं, हे कालवडींना कोण शिकवणार? तुझा सल्लागार?"

"आई, तू आणि तुझ्या म्हाताऱ्या."

गेल्या वर्षी ट्रक भरभरून गायी गेल्या. नोएलीनने त्यातून दहा-बारा वाचवल्या त्या खोटं बोलून. दात बघायचे, नाहीत ते दिसायचं, आणि खुशाल ओरडायचं, राहू दे. त्यात मर्ल होती. राखाडी, मोठ्या वशिंडाची, कॉलच्या एका नकचढ्या आत्याचं नाव लावून मिरवणारी. या गायी ती घरामागच्या कुरणात ठेवायची. सकाळी पिकअपमधून मळीचं चाटण घेऊन गेली आणि "चला गं बायांनो" म्हणाली की त्या डुलत डुलत मागे यायच्या. तिला तेवढीच सोबत होती.

या वर्षी सप्टेंबरात हेलिकॉप्टर आलं, मोटारसायकलवाले आले आणि सगळ्यांनी मिळून उत्तरेच्या घळीतल्या गुरांना उठवलं. उठवलं म्हणजे उधळलं. शांत गायी सगळ्या कत्तलखान्यात गेलेल्या, उरल्या त्या तरण्याताठ्या कालवडी. पुढे कोण चालणार हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आवाज झाला की त्या कुंपणावर धडकायच्या, नाहीतर परत झाडीत. तीन खेपा फुकट गेल्या. हेलिकॉप्टरवाला दुसऱ्या कामावर निघून गेला. डेल रात्री खारवलेलं मांस नावडल्यासारखं ताटात ठेवून उठला.

ऑक्टोबर उजाडला होता. गुरं येईनात, म्हणजे ती जाईना. म्हणून, केवळ म्हणून, नोएलीन म्हणाली, "माझ्या म्हाताऱ्या घेऊन जाऊ."

ही इथली जुनी रीत. शांत गायी आधी चालवत न्यायच्या आणि घळीच्या तोंडाशी मोकळ्यावर चरायला सोडायच्या. मग झाडीतली गुरं हळूहळू, हाकाटी न करता, त्यांच्याकडे ढकलायची. बिथरलेलं जनावर शांत कळपात घुसलं की थांबतं, दम खातं, आणि आजूबाजूच्यांना घाई नाही असं दिसलं की त्यालाही राहत नाही. नोएलीन पिकअप सोडून पायी पुढे चालली. मागे मर्ल, मर्लच्या मागे बाकीच्या. दुपारपर्यंत त्यांच्याभोवती कालवडींची दाटी झाली. मग ती म्हणाली, "चला गं बायांनो," आणि सगळी घळच्या घळ तिच्या मागून घराकडे निघाली. त्या वाटेवर तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसत होती. कॉलने हे बघायला हवं होतं, असं तिला वाटलं.

आवाराचं फाटक लागलं आणि चहा झाला. डेलने फ्रूटकेकचा मोठा तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला.

"हरलो, आई. म्हाताऱ्या गायी ठेवायच्या. यापुढे चांगली गाय वयावरून काढायची नाही."

"मी तेच सांगत होते."

"आणि पुढच्या वर्षी आधीच सुरुवात करू. मे महिन्यात एकदा, सप्टेंबरात एकदा. तू पुढे चालायचं."

"मी? मी येपूनला असेन."

डेल हसला. "बेव्हमावशीला सांग की जमत नाही. त्या तुझ्याशिवाय कुणामागे येतात का? टेगन, जरा हाक मारून बघ."

टेगन आडव्या गजाशी पोट सांभाळत उभी राहिली आणि तिने हाक मारली, "चला गं बायांनो." मर्लने कानही हलवला नाही.

"बघ," टेगन म्हणाली. "मला तर माझं कुत्रंसुद्धा विचारत नाही." तिला हायसं वाटलं होतं आणि ते लपत नव्हतं.

कुणी म्हणेल, सरळ नाही म्हणायचं. म्हणून बघा. समोर हरलेला मुलगा तुम्हाला जिंकल्याचा केक भरवतोय, सून पोटावर हात ठेवून तुमच्या तोंडाकडे बघतेय, आणि स्वतःची किंमत तुम्हीच नुकती त्यांना पटवून दिलीय. नोएलीनने केक खाल्ला.

त्या रविवारी तिने बेव्हचा फोन उचलला नाही. भांडी घासता घासता तिने हिशेब मांडला. त्या दहा-बारा गायी आहेत म्हणून ती हवी. नसतील तर डेल दोन-तीन वर्षं नव्या शांत करेल, हेलिकॉप्टर आणेल, शिव्या देईल, पण तिच्यावाचून. आणि दात तर कुणी पडताळून बघत नव्हतं. शिवाय या वेळी खोटंही बोलायचं नव्हतं.

सकाळी मर्ल पहिली खोड्यात आली. तिला मान अडकवावी लागली नाही, तिने ती आपणहून घातली. नोएलीनने खालचा ओठ ओढला. आठातले तीन दात उरले होते, तेही हलत होते. मर्लचा गरम, मळीचा वास असलेला श्वास तिच्या मनगटावर येत होता.

"बोल, आई," डेल म्हणाला. तो वर कठड्यावर बसून डाव्या-उजव्या फाटकांच्या दोऱ्या धरून होता.

"दात संपलेत." तिला आपलाच आवाज परका वाटला. "ट्रक."

टेगनने चमकून वर पाहिलं. डेलने दोरी ओढली नाही.

"मर्ल? नक्की?"

"पुढच्या कोरड्यात खंगेल. ट्रक म्हटलं ना."

डेल खाली उतरला आणि मर्लचं कपाळ खाजवू लागला. "म्हणजे गेल्या वर्षीही तिचे दात असेच असणार. बनवलंस मला." तो हसत होता, अगदी कॉलसारखा. "बरं केलंस. आणि आता हिला पाठवतेस माझ्या नियमासाठी? नाही गं आई. दात नसले तर नसू देत. घरामागे राहील. पेंड घालू, मळी घालू. कसला त्रास द्यायचा नाही हिला, वर्षातून दोनदा पुढे चालली की झालं. आता ही मरेपर्यंत इथून कुठे जात नाही."

त्याने दोरी ओढली. डावं फाटक उघडलं, राहणाऱ्यांचं. बाकीच्यांचे दात त्याने तिला बघूच दिले नाहीत.

मर्ल बाहेर आली आणि तिथेच थांबली. मागच्या गायी अडल्या. नोएलीनला तिच्याकडे बघवेना. पंचेचाळीस वर्षांत तिने असलं काही केलं नव्हतं. आज केलं, आणि तेही वाया गेलं.

"आई, जरा चाल तिच्यापुढे," डेल म्हणाला. "त्याशिवाय ती हलायची नाही."

नोएलीनने हात स्कर्टला पुसले. मग ती फाटकातून आत गेली आणि चालू लागली. मर्ल तिच्या मागून निघाली.