मामांचा अरबी राग

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, रागवायचे मराठीत, पण राग धरायचे अरबीत. निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकलेले. त्याच बाकावर त्यांच्या शेजारी गावातले किराणा दुकानदार अप्पा. दोघांनी पोरवयात मिळून एक जाडजूड अरबी-उर्दू कोश घेतला आणि सामाईक विहिरीच्या पाण्यासारखी त्याची बारी लावली. सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे. या अरबीचा आयुष्यात दोघांनाही काडीचा उपयोग झाला नाही, तरी रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून ते एकेका शब्दाची साल काढत. मी नवी नवरी होते तेव्हा मला वाटलं पोथी चाललीय. मी पाया पडून आले होते.

मग दूध सोसायटीची निवडणूक आली. मामा चेअरमन व्हायला उभे राहिले. हात वर करून मतं मोजली आणि मामा एका हातानं पडले. अप्पा पहिल्या रांगेत होते आणि त्यांचा हात खालीच राहिलेला मामांनी डोळ्यांनी बघितला. त्या दिवसापासून बोलणं बंद. का केलंस, हे मामांनी विचारलं नाही. का झालं, हे अप्पांनी सांगितलं नाही. रुसायची पदवी उगाच बायकांना देतात, हे मला तेव्हा कळलं.

कोश मामांकडे होता. पाडव्याला अप्पांची बारी आली तेव्हा त्यांनी मला दुकानात थांबवलं. "सूनबाई, मामाला म्हणावं, बारी माझी हाय."

मामा म्हणाले, "म्हणावं, विहीर आटली."

पावसानं हे मनावर घेतलं असावं. त्या वर्षी गावातली एकेक विहीर खरोखरच आटली. सोसायटीनं गावाबाहेर जनावरांची छावणी घातली. आमची बैलजोडी आणि म्हैस तिकडं गेली, त्यांच्यामागं मामाही, कोश उशाला घेऊन. मी दुपारी भाकरी घेऊन जायचे आणि रोज एक नवा राग ऐकून यायचे.

"हे बघ, गैज. आतल्या आत उकळणारा." दुसऱ्या दिवशी हिक्द, म्हणजे मनात धरून ठेवलेला. प्रत्येक शब्दाच्या पोटात म्हणे तीन अक्षरांचं मूळ असतं, बाकी सगळा पाला. मी म्हणायचे, "मामा, कालवण गार होतंय."

सासूबाई एकदा चिडून म्हणाल्या, "हौस, तलप, मर्जी, समदं तिकडूनच आलंय म्हणता. मग वाईच अक्कल बी आली असती!"

"अक्कल बी तिकडचीच हाय," मामा शांतपणे म्हणाले.

हसायला यायचं, पण मला त्यांची दया येत होती. त्यांना बोलायला माणूस उरलं नव्हतं. दिवस कलला की दावणीजवळ बसून ते म्हशीला धडा द्यावा तसं पुटपुटत बसायचे.

एका दुपारी गेले तर स्वारी खूश. "सापडला! मूळ अक्षरं ज्वाद, गैन, नून. शब्द जिग्न. छातीत दडवलेलं वैर. बस्स, ह्यो माझा!" भाकरी मोडता मोडता ते पुढं वाचू लागले आणि घास तोंडातच राहिला. त्याच मुळाखाली पुढं लिहिलं होतं, कल, झुकणं. आणि त्याखाली, ओढ, आपल्या ठिकाणासाठी झुरणारी उंटीण. मामांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"छापखान्याचा घोळ हाय. वैर आन ओढ एका घरात कशी ऱ्हातील?"

"आपल्या घरात राहतात की," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "हे त्यालाच इचारावं लागंल," असं पुटपुटले.

मग दोन दिवस पोटात ठेवलेलं मी सांगून टाकलं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेलं छावणीत, दुकानात गिऱ्हाईक नाही. अप्पांचा मुलगा त्यांना औरंगाबादला घेऊन चालला होता, तोही कायमचा. "उद्या सकाळची गाडी आहे," मी म्हटलं. मामांनी उरलेली भाकरी म्हशीला घातली.

सकाळी वडवणीच्या स्टँडवर मामा कोश काखेत मारून पुढं आणि मी मागं. अप्पा बीडवरून औरंगाबादला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले होते. मामांनी रामराम न घालता कोश खिडकीतून आत सारला. "एवढं बघ. चूक हाय का न्हाई?"

अप्पांनी बोट ठेवून वाचलं. "बराबर हाय. मास्तरांनी शिकवलं व्हतं. तू झोपला व्हतास."

"मी झोपलो व्हतो? आन सभेत तू काय करत व्हतास? हात कावून वर केला न्हाई?"

"तळहातावर तंबाकू व्हती, बे."

"दुसरा हात?"

"त्याच्यात चुन्याची डबी. ती ठिवीस्तवर मोजणी झाली!"

मामा लालबुंद झाले. "मग तवाच कावून सांगितलं न्हाई?"

"तू इचारलं का? वरीस झालं, रोज पायरीवर बसून तुझी वाट बघतोय. मला काय लई हौस हाय औरंगाबादची?" मामा खिडकीचा गज घट्ट धरून उभे होते.

कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली. मामा दाराकडं धावले. मला वाटलं, कोश मागतील. पण त्यांनी दांडा धरला आणि शेणानं भरलेल्या धोतरानिशी थेट आत चढले. गाडी वळताना मला एवढंच ऐकू आलं, "सरक तिकडं! मास्तरांनी असलं काय बी शिकवलं न्हाई!"

मी एकटीच घरी आले. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"ह्ये कुटं हायेत?"

"अप्पांच्या गाडीत चढले."

"कावून?"

"भांडायला."

"मग चार दिस काय येत न्हाईत," सासूबाई म्हणाल्या, पदरानं डोळे पुसले आणि मामांच्या वाटची भाकरी मला वाढली.