आधी नामांतर, मग तुजं

माझी आत्या मानवतला बालवाडी चालवायची आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात कायम पुढं असायची. तिच्याबरोबर एक बाई राहायची, तिची पिठाची गिरणी होती. मी तिला मावशी म्हणायची. मी कॉलेजात गेल्यावर आत्यानंच सांगितलं, "मैत्रीण न्हाई गं ती, माझी घरधनीण हाय. कुणी इचारलं तर सांग." कुणी विचारलंच नाही.

आत्या काविळीनं गेली. जलदान विधीला माझ्या वडलांनी मावशीला मागं, शेजारणींत बसवलं. नामांतरापायी आत्यानं भोगलेल्या तुरुंगवासावर सगळे बोलले. भेटीच्या दिवशी डबा घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी ताटकळणाऱ्या बाईबद्दल चकार शब्द नाही. पुढच्या महिन्यात वडलांनी घराला कुलूप घातलं. घर आत्याच्या नावावर होतं.

"दादा, मावशीचा संसार होता तिथं," मी वडलांना म्हणाले.

"कोन लागती ती आपली?" ते म्हणाले.

मावशीला घर परत मिळावं म्हणून मी चळवळीतल्या एका वडीलधाऱ्यांकडं गेले. आत्या त्यांना भाऊ म्हणायची. दोघींच्या घरी ते कितीदा तरी जेवलेले. ते म्हणाले, "आधी नामांतर होऊ दे पोरी, मग तुजं बघू. आत्ता हे काढलं तर लोक चळवळीला हसतील."

मी थांबले. पोस्टरं चिकटवली, पिंगळीपासून पाथरीपर्यंत सभांना गेले, आणि दरवेळी भाऊंना विचारलं. दरवेळी तेच उत्तर. मावशी तोवर गिरणीच्या मागच्या खोलीत पिठाच्या धुरळ्यात झोपत होती.

चौऱ्याण्णवला नामविस्तार झाला. पेढे वाटले. विजयाच्या सभेत आत्याबद्दल बोलायला मला उभं केलं. मी म्हणाले, "माझी आत्या एका बाईबरोबर संसार करत होती. त्या बाईला आम्ही घराबाहेर काढलं. अशा माणसांचा हक्क आता कोण मागणार?"

माईक बंद झाला. स्टेजमागं भाऊ माझ्यावर खेकसले, "मेलेल्या बाईची अब्रू काढायलीस व्हय?"

"तिनंच सांग म्हणलं होतं," मी म्हणाले. पण ते हार घालून घ्यायला वळले होते.

काही दिवसांनी पाथरीच्या स्टँडवर एका माणसानं मला गाठलं. "सभेत तुमीच बोललात न्हवं?" त्याचं दुसऱ्या एका माणसावर मन होतं आणि घरचे त्याचं बळंच लग्न लावायला निघाले होते. माझ्याकडं ना वकील, ना कायदा. मी त्याला मावशीच्या गिरणीत नेलं. मग आणखी काहीजण यायला लागले. बाजाराच्या दिवशी आम्ही तिथं बसायचो, जात्याच्या घरघरीत ओरडून बोलायचो. त्यांच्या आईबापांना समजवायला मी गावोगाव जायची. बहुतेकांनी दारातूनच परत पाठवलं. त्या माणसाचंही लग्न लागलंच. मुंडावळ्या बांधलेला तो मला नजर देईना.

घर काही मिळालं नाही. वडलांनी ते धान्याच्या व्यापाऱ्याला भाड्यानं दिलं.

"इतकी चिडतीस कशाला? चिडून काय होतंय?" मावशी म्हणायची.

"इतकी वर्षं न चिडता तरी काय झालं?" मी विचारायची. त्यावर ती पुढचं दळण जात्यात ओतायची.