चपलांजवळची ड्युटी

शनिवार, १३ डिसेंबर. अकोला, कॉलेजचं मागचं फाटक. हजर: मी, रोहिणी, सिद्धार्थ आणि फैजान हे तीन इंटर्न (एमबीबीएसची परीक्षा झाल्यावर वर्षभर प्रत्यक्ष काम शिकणारे डॉक्टर), चालक बबनराव. गैरहजर: आमचे विभागप्रमुख, कारण पुतण्याचं लग्न. सामान: पाण्याचा कॅन, बीपीची यंत्रं, गृहभेटीचे छापील तक्ते आणि उलटीच्या गोळ्या, कारण फैजानला गाडी लागते. पायात पट्ट्याचे सँडल. इतकी वर्षं गावं फिरल्यावर माझं ठाम मत झालं आहे की चिखल, कुत्री आणि पायऱ्या या तिन्हींसाठी बकलाचा पट्टाच हवा.

काम एकच होतं. वरूडजवळ डॉ. विलासचा दवाखाना आहे, तो बघून यायचा. आमचे इंटर्न कुटुंबवैद्यक (एका घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच डॉक्टरनं वर्षानुवर्षं बघण्याची विद्या) शिकायला आजवर माझ्याकडे, म्हणजे अकोल्याबाहेरच्या आमच्या ग्रामीण केंद्रात येत. अधिष्ठात्यांच्या कानावर कोणीतरी विलासचं नाव घातलं. ते मला म्हणाले, "बघून या, आणि पुढची तुकडी तिकडे पाठवायची की नाही ते सोमवारी सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

ते केंद्र मी उभं केलेलं आहे. भिंतीवरचे तक्ते माझे, टोकनची पद्धत माझी, अंगणातला कडुलिंबही मीच लावलेला. आणि विलास माझा वर्गमित्र. नागपूरला आम्ही एकत्र शिकलो. माझं जर्नल बघून तो आपलं पूर्ण करायचा. निकालात मी वर, तो बराच खाली. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी काही तिखट लिहिलं तर वाचणाऱ्यांना अंदाज राहील.

मूर्तिजापूरपर्यंत धुकं होतं. दोन्ही बाजूंना तूर उभी, मधूनच कापसाची पांढरी पट्टी, त्यात वाकलेल्या बायका. बडनेऱ्यापाशी ऊन आलं. अमरावतीत थांबून आम्ही गिला वडा (भिजवलेला उडदाचा वडा, वर दही आणि चटणी) खाल्ला. फैजाननं दोन प्लेटी खाल्ल्या आणि मग गोळी मागितली. "गोळी आधी घ्यायची असते," मी म्हटलं. "मॅडम, आधी वडा दिसला," तो म्हणाला. मोर्शी मागं पडल्यावर संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. ट्रॅक्टर, ट्रक, दुचाकीवर पुढं-मागं कॅरेट (फळांचे प्लास्टिकचे खोके) बांधलेले लोक. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी आत वास आलाच.

विलासचा दवाखाना म्हणजे रस्त्याला लागून दोन खोल्या, ओटा आणि पायऱ्या. ओट्याच्या कडेला चपलांचा ढीग. टोकन नाही, रांग नाही. विलास दारात येऊन विचारत होता, "घाई कोनाले हाय? ज्याची गाडी सुटून राहिली त्यानं पह्यले या." आणि लोक खरोखरच आपसात ठरवून एकेकाला पुढं सोडत होते. आमच्या केंद्रात टोकन असूनही भांडणं होतात. मला पहिला हेवा इथं वाटला.

"आली वं सुनंदा!" त्यानं मला पाहिलं. "तशीच दिसून राहिली अजून. पेपर तपासाले आल्यासारखी."

"तपासायलाच आले आहे," मी म्हटलं.

त्याचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत, पण आहेत सगळे. हेही नोंदवते.

त्यानं तिघांना कामं वाटली. दोघांनी आत बसायचं आणि एकानं बाहेर चपलांजवळ उभं राहायचं. पहिला नंबर सिद्धार्थचा लागला.

"सर, चपला सांभाळायच्या?" सिद्धार्थचा चेहरा पडला.

"सांभाळाच्या नाही बे, आयकाचं. मानूस आत खुर्चीवर बसून दुखनं सांगते ते अर्धं. चप्पल घालाले वाकला का उरलेलं सांगते. तवा त्याच्याकडं कोनी पाहून नाही राहिलं, असं त्याले वाटते. तू फकस्त म्हनाचं, आनखी काही? अन् गप राहाचं."

"आणि ऐकलं की?"

"मले येऊन सांगाचं. दुसऱ्या कोनाले नाही. गाडीत नाही, होस्टेलात नाही, मायले नाही. चपलेपाशी आयकलेलं बाहेर गेलं का मानूस पुढच्या वेळी चप्पल हातात घेऊनच पळते."

तिघंही हसले. संवादकौशल्यावर मी दरवर्षी व्याख्यान घेते. चित्रं दाखवते, नमुन्याची संभाषणं करून घेते. त्यात कोणी हसल्याचं मला आठवत नाही.

थोड्या वेळानं एक बाई आल्या, कांताबाई. संत्र्याच्या मंडीत फळं निवडायच्या कामाला जातात. कंबर दुखते म्हणाल्या. सोबत धाकटा दीर. विलास मला म्हणाला, "मॅडम, तुमीच पाहा. पोट्ट्यांले शिकू द्या."

मी पाहिलं. क्रमानं सगळं विचारलं: कधीपासून, कुठं, ताप, पाळी, लघवीला जळजळ. बाई प्रत्येकाला "नाही" म्हणत गेल्या. मी पोट तपासलं, कंबर तपासली, वाकायचं कसं आणि ओझं उचलायचं कसं ते दाखवलं. पोरांसमोर धडा उत्तम झाला. विलासनं नुसती मान हलवली.

तोवर चपलांजवळ रोहिणीची पाळी आली होती. रोहिणी माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी. प्रश्न विचारते, उत्तर लिहून घेते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी प्रश्न आणते. कांताबाई बाहेर गेल्या. दीर गाडी वळवायला पुढं गेला. बाई वाकल्या. मला दारातून रोहिणीची नुसती पाठ दिसत होती. ती काही करत नव्हती, उभी होती. बाई बोलत राहिल्या.

रोहिणी आत आली ती सरळ विलासकडं गेली. माझ्याकडं नाही.

त्यांचं हलक्या आवाजात बोलणं झालं. मग विलासनं कांताबाईंना पुन्हा आत बोलावलं, दिराला चहा सांगायला पाठवलं आणि मलाही बसवून घेतलं. बाईंनी परवानगी दिली, म्हणून ओळख बदलून हे लिहिते आहे. मंडीत बायकांसाठी संडास नाही. म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीला कधीची जळजळ होती. "दिरासमोर कशी सांगू वं बाई," त्या मला म्हणाल्या. दीर आत बसलेला मला दिसत होता. त्याला बाहेर काढायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

लघवीची तपासणी झाली, औषध दिलं. मग विलासनं मंडीच्या मालकाला फोन लावला. "गोपाल, तुह्या मायची साखर पाहाले मी आज संध्याकाळी येऊन राहिलो. तवा एक गोष्ट बोलाची हाय. संडासची." फोन ठेवून तो पोरांना म्हणाला, "त्याच्या लग्नाआधीपासून त्या घरचा डॉक्टर हाय मी. मले नाही म्हनत नाही तो." फैजाननं हे वहीत उतरवून घेतलं. माझ्या तासाला फैजानची वही गाडीत राहिलेली असते.

दुपारी विलासच्या बायकोनं, शीलानं, बागेत रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे जाड गोळे) आणि वांग्याची भाजी केली होती. संत्र्याच्या झाडाखाली सतरंजी. रोडगा फोडून त्यात तूप ओतायचं, इतकं की ताटात ओघळलं पाहिजे. शीला म्हणाली, "मॅडम, तुमच्या केंद्रात डबाच खाता का?" मी हो म्हटलं. पोरं विलासभोवती गोल करून बसली होती. फैजान, जो माझ्यासमोर 'हो मॅडम' आणि 'नाही मॅडम' यापलीकडं गेलेला नाही, तो आजीच्या दम्याबद्दल सांगत होता. आजीच्या खोकल्याची नक्कल करत होता. सिद्धार्थनं ठसका लागेपर्यंत हसून घेतलं. रोडगे फार चांगले होते. ते चांगले असण्याचाही मला राग आला.

जेवणानंतर माझी पाळी. छापील तक्ते वाटून मी पोरांना जवळच्या घरी गृहभेटीला नेलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली नातीची दहावीची ट्रॉफी. आजींनी आम्हाला पाणी दिलं आणि तक्त्याकडं बोट दाखवलं. "लिवा, लिवा. मागच्या खेपेलेबी लिवलं होतं. घरकुल भेटलं नाही."

"आजी, आम्ही दवाखान्यातून आलो."

"मंग कागद कायले आनला? इलास डॉक्टर तं हात हालवत येते."

सिद्धार्थनं पटकन भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

परत येताना रोहिणी माझ्या बरोबरीनं चालत होती. "मॅडम, पुढची तुकडी इथं येईल ना? मला वाटतं यायला हवी."

"बघू," मी म्हटलं. आमच्या कडुलिंबाखाली बसून याच मुलीनं मला सांगितलं होतं की डॉक्टर म्हणजे काय ते तिला आमच्या केंद्रात कळलं. ते मी जपून ठेवलं होतं.

निघायची वेळ झाली. बबनरावांनी हॉर्न दिला. शीलानं संत्र्यांची पिशवी गाडीत ठेवली, दोघे पोरगे जाऊन बसले. मी ओट्यावर आले. रोहिणी पुन्हा चपलांजवळ उभी होती, कारण शेवटचा पेशंट आत होता आणि तिची ड्युटी संपली नव्हती. मी सँडल पायात घातले आणि पट्टा लावायला वाकले. बकल अडकलं. भोकात जाईना.

विलास पाठोपाठ दारात आला होता. "आनखी काही, सुनंदा?"

तो हे सवयीनं म्हणाला असेल. मी मान वर केली नाही.

"पोट्टे इकडं आले तं मले कोन विचारन रे?" मी म्हटलं.

आईकडची ही बोली मी कॉलेजात कधी बोलत नाही. ती कुठून आली कळलं नाही.

तो दाराच्या चौकटीला टेकला. मग म्हणाला, "हे आत काहून नाही बोलली? च्या पेत बोललो असतो."

"आत सुचलं नाही."

"याच्यावर माह्याजवळ औषध नाही वं." आत वळताना तो म्हणाला, "पन बोलली, हे बरं झालं." आणि शेवटच्या पेशंटकडं आत गेला.

बकल लागलं. मी उभी राहिले. रोहिणी हाताच्या अंतरावर होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

वरूड मागं पडलं. सिद्धार्थनं संत्रं सोलायला घेतलं आणि विचारलं, "मॅडम, ओट्यावर बराच वेळ लागला. सर काय म्हणत होते?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मागच्या सीटवरून रोहिणी म्हणाली, "काही नाही रे. मॅडमचा पट्टा अडकला होता."

अमरावती आली, बडनेरा आलं, अकोल्याचे दिवे दिसले. ती त्यावर एक शब्द बोलली नाही. उतरताना नेहमीसारखं "येते मॅडम" म्हणाली, नेहमीसारखी हसली. रुग्णाची गोष्ट पोटात ठेवावी, हे मी तिला वर्षभर शिकवत होते. ती ते शिकली होती. फक्त माझ्याकडून की त्याच्याकडून, हे मला ठरवता येईना. रुग्ण मी होते म्हणून तर अजिबातच ठरवता येईना.

प्रवास माणसाला मोठं करतो, असं प्रवासवर्णनांत लिहितात. माझा हेवा जसा गेला तसा परत आला, उलट थोडा वजनदार होऊन. एवढं मात्र झालं की आता त्याचं नेमकं ठिकाण मला माहीत आहे, आणि दुखण्याचं ठिकाण कळलं की निदान तपासता तरी येतं.

सोमवार. आमचं केंद्र. बीपीची यंत्रं जमा केली. बबनरावांच्या गाडीच्या फेरीच्या नोंदीवर सही केली. उरलेली संत्री नर्सताईंना दिली. तक्ते कपाटात ठेवले आणि कपाट बंद केलं. तपासणीच्या खोलीतून सोबतच्या माणसांना बाहेर बसवायचं, अशी सूचना दारावर लावली.

अधिष्ठात्यांचा फोन सकाळी येऊन गेला. मी म्हटलं, "दुपारी सांगते." दुपार झाली आहे. फोन हातात आहे, नंबरही काढलेला आहे. समोर अंगणात, कडुलिंबापाशी, आमच्या दाराशी निघणाऱ्या चपलांजवळ रोहिणी उभी आहे. तिला कोणी सांगितलेलं नाही. एक म्हातारे गृहस्थ भिंतीला हात टेकून चप्पल शोधताहेत आणि बोलताहेत. ती ऐकते आहे.

त्यांचं होऊ दे. मग लावते.